‘सीनरी’ आणि आमच्या समोरचा डोंगर

मुलांनो, चित्रकलेच्या तासाला बाईंनी ‘सीनरी काढा’ म्हटलं की तुम्ही काय काढता, ते मी न बघता सांगू? दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा अर्धा सूर्य, डोंगरातून वळणं घेत आलेली नदी, एक कौलारू घर, त्याला टेकून उभा असलेला माड आणि आकाशात मराठी चारच्या आकड्याचे पक्षी. बरोबर ना? मीही शाळेत असताना हेच काढायची. दहापैकी आठ गुण ठरलेले!

आता गंमत अशी, की मी ज्या देवरुखात शिकवते तिथे या चित्रातलं निम्मं खरं आहे. सह्याद्री आमच्या पूर्वेला, त्यामुळे सूर्य खरोखरच डोंगरामागून वर येतो. नद्याही डोंगरातूनच येतात आणि पश्चिमेला समुद्राकडे जातात. कौलारू घरं आहेत, माडही आहेत. पण डोंगर? ते मुळीच त्रिकोणी नाहीत! खिडकीतून नीट पाहिलं तर माथे सपाट दिसतात, आणि खाली जिन्यासारखे टप्पे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि त्यांचा हा काळा दगड झाला. या खडकाला भूगोलाच्या पुस्तकात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातला ‘ट्रॅप’ म्हणजे उंदराचा सापळा नव्हे बरं का! स्वीडिश भाषेत पायऱ्यांना जो शब्द आहे त्यावरून तो आला. म्हणजे हजारो मैलांवरच्या माणसांनी असल्या खडकाकडे पाहून त्याला ‘पायऱ्या’ म्हटलं, आणि आम्ही रोज समोर बसून त्रिकोण काढतो!

हे माझ्या लक्षात आलं ते चित्रकलेच्या नव्हे, इंग्रजीच्या तासामुळे. आणि त्याआधी माझी चांगली फजिती झाली होती.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्यामुळे डी.एड. होऊन नोकरीला लागले तरी इंग्रजी बोलायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. एका प्रशिक्षणात आम्हा शिक्षकांना एकेक चित्र देऊन त्यावर बोलायला सांगितलं. माझ्या वाट्याला धबधबा आला. मी मनात म्हटलं, सुटले! उभी राहिले आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, ‘धिस इज अ ब्यूटिफुल सीनरी.’ समोरच्या बाईंनी हसून विचारलं, ‘अँड?’

अँड काय? माझ्याकडे पुढे काहीच नव्हतं. ‘अँड... व्हेरी ब्यूटिफुल’ म्हणून मी खाली बसले. वर ते एकुलतं एक वाक्यही चुकलेलंच! ‘सीनरी’ला मागे ‘अ’ लागत नाही आणि तिचं अनेकवचनही होत नाही. नाटकात मागे लावतात त्या रंगवलेल्या पडद्यालाही इंग्रजीत सीनरीच म्हणतात. एका ठिकाणी उभं राहून आपल्याला जे दिसतं तो ‘व्ह्यू’, त्याला मात्र ‘अ’ चालतो. आणि ‘लँडस्केप’ हा शब्द तर चारेकशे वर्षांपूर्वी डच चित्रकारांकडून इंग्रजीत आला. आज तो घराघरात पोचलाय, कारण मोबाइल आडवा धरून काढलेल्या फोटोला लँडस्केप म्हणतात आणि उभ्याला पोर्ट्रेट.

घरी येताना एसटीत तो ‘अँड?’ डोक्यातून जाईना. खरं सांगायचं तर माझं अडलं होतं ते केवळ इंग्रजीमुळे नाही. त्या चित्राबद्दल मराठीत विचारलं असतं तरी मी ‘खूपच सुंदर आहे’ एवढंच म्हणाले असते. मी पाहिलंच नव्हतं ना!

मग शुक्रवारचा शेवटचा तास मी ‘अँड?’चा तास करून टाकला. सुरुवात जुन्या कॅलेंडरवरच्या स्वित्झर्लंडच्या चित्राने केली. मुलं धडाधडा बोलली. स्नो, माउंटन, पाइन ट्री. यातलं एकही कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही! मग मी खिडकी उघडली आणि म्हटलं, आता हे सांगा. वर्ग चिडीचूप.

म्हणून आम्ही खिडकीचे आडवे तीन भाग केले. अगदी जवळचं ते ‘इन द फोरग्राउंड’, मधलं ‘इन द मिडल’, लांबचं ‘इन द बॅकग्राउंड’. एक वस्तू असेल तर ‘देअर इज’, जास्त असतील तर ‘देअर आर’. आणि काही घडत असेल तर ‘इंग’ लावायचं. ‘अ मॅन इज प्लाउइंग.’ एवढ्या भांडवलावर पोरं पुष्कळ लांब गेली. इन द फोरग्राउंड देअर इज अ वॉल. अँड? अ कॅट इज स्लीपिंग ऑन द वॉल. अँड? इन द मिडल देअर आर पॅडी फील्ड्स.

एकाने विचारलं, ‘बाई, पऱ्याला इंग्रजीत काय म्हणायचं?’ मी ‘स्ट्रीम’ म्हणाले. त्याला पटेना. ‘पण पऱ्या तर उन्हाळ्यात नसतोच!’ खरंच की! मग सगळ्यांनी मिळून वाक्य जुळवलं, ‘अ स्मॉल स्ट्रीम, इट कम्स ओन्ली इन द रेन्स.’ सडा, कोंड, कुणगा यांनाही असाच एका शब्दात इंग्रजी जोड नाही. तिथे दोन-तीन छोटी वाक्यं वापरायची. पालक मला विचारतात, ‘बाई, आमचा मुलगा फाडफाड इंग्रजी कधी बोलणार?’ मी म्हणते, पऱ्या काय असतो ते समोरच्याला कळेल इतकं हळूहळू बोलला तरी पुरे.

पुढच्या पायरीला फोटो आला. घरातल्या मोठ्यांच्या मोबाइलवर एकच फोटो काढायचा आणि वर्गात त्यावर पाच वाक्यं बोलायची. एकच का? तर मी त्यांना अॅन्सेल अॅडम्सची गोष्ट सांगितली होती. हा अमेरिकेतला निसर्गाचे फोटो काढणारा मोठा छायाचित्रकार. 1927 साली, पंचविशीत असताना, तो योसेमिटीच्या ‘हाफ डोम’ या प्रचंड कड्याचा फोटो काढायला जड कॅमेरा घेऊन डोंगर चढला. तेव्हा फोटो काचेच्या पट्ट्यांवर घ्यायचे. चुकत-माकत त्याच्याकडे दोनच काचा उरल्या. एक त्याने नेहमीसारखी वापरली आणि लगेच जाणवलं, कडा पाहून मनात जे दाटून आलंय ते यात उतरणार नाही. मग शेवटच्या काचेसाठी त्याने भिंगापुढे गडद लाल काच लावली. त्यामुळे आकाश जवळजवळ काळं आलं आणि कडा त्यातून अंगावर आल्यासारखा उभा राहिला. तो फोटो जगप्रसिद्ध झाला. तुमच्या मोबाइलमध्ये हजार फोटो मावतात, पण तुमच्याकडे शेवटची काच आहे असं समजून एकच काढा, असं मी मुलांना सांगितलं.

आमच्याकडे आणखी एक अडचण येते. सकाळी डोंगराचा फोटो काढला तर तो काळा येतो, कारण सूर्य त्याच्या मागे असतो. दुपार टळल्यावर ऊन समोरून पडतं आणि एकेक घळ उठून दिसते. पाऊस उघडल्यावर हवेतली धूळ बसलेली असते, तेव्हा तर फारच छान. लांबचे डोंगर निळसर का दिसतात? मधली हवा निळा प्रकाश जास्त पसरवते म्हणून. दुरून डोंगर साजरे दिसतात त्यात या निळाईचाही वाटा असावा! (आणि हो, फोटोसाठी धबधब्याच्या कडेला किंवा ओल्या कातळावर जायचं नाही. हे मी वर्गात तीनदा सांगते, इथेही सांगते.)

सोमवारी फोटो आले. बहुतेकांनी मार्लेश्वरचा धारेश्वर धबधबा आणला होता, तो इथून सतरा-अठरा किलोमीटरवर आहे. सगळ्यांच्या तोंडी ‘ब्यूटिफुल’. मग एक मुलगी उठली. ही आजीजवळ राहते, आईवडील मुंबईला. गणपतीत मुंबईची भावंडं आली की ती आपापसात इंग्रजीत बोलतात आणि ही पडवीत जाऊन बसते, असं तिच्या आजीने मला सांगितलं होतं. वर्गातही तिने इंग्रजीत कधी तोंड उघडलेलं नव्हतं.

तिच्या फोटोत धबधबा नव्हता. घरामागचा डोंगर होता, आणि त्याच्यावर मधोमध वरून खाली तांबडा ओरखडा. ती थांबत थांबत बोलली.

‘इन द बॅकग्राउंड देअर इज अ हिल. द हिल इज ब्राऊन हिअर.’

सवयीने सगळा वर्ग ओरडला, ‘अँड?’

‘इट वॉज ग्रीन.’

कुणीच काही बोललं नाही. ‘इज’ आणि ‘वॉज’ यांतला फरक मी फळ्यावर कितीदा तरी शिकवला असेन. त्या दिवशी तो सगळ्यांना एकदम कळला. 2021 च्या जुलैतला तो पाऊस, ज्यात चिपळूण बुडालं आणि रायगड जिल्ह्यात तळिये गावावर दरड कोसळली, त्याच पावसात हिच्या घरामागची माती सरकली होती. घर वाचलं. ‘माय ग्रँडमदर हॅड कॅश्यू ट्रीज देअर,’ एवढं सांगून ती बसली. मग मुलांनीच ‘लँडस्लाइड’ हा शब्द विचारून घेतला. आपल्या वाडीत कुठे कुठे माती सुटली आहे ते मराठी-इंग्रजीच्या खिचडीत सांगायला सुरुवात झाली, आणि घंटा झालेलीही कुणाला कळली नाही.

मी तिला म्हटलं, दर महिन्याला त्याच जागेवर उभी राहून हाच फोटो काढ. ही काही माझी कल्पना नाही. हिमनद्या किती मागे सरकल्या ते शास्त्रज्ञ असंच तपासतात. पन्नास-शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोची जागा शोधून तिथूनच नवा फोटो काढतात आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहतात. आज शिल्लक असलेला जगातला सगळ्यात जुना फोटोही खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचाच आहे! फ्रान्समध्ये 1826-27 च्या सुमारास निसेफोर निएप्स यांनी तो आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून घेतला. कॅमेरा इतके तास उघडा ठेवावा लागला की मधल्या वेळात सूर्य एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला, आणि फोटोत दोन्हीकडच्या भिंतींवर ऊन आलं.

आमच्या मुलीची जागा म्हणजे मागच्या दाराची दुसरी पायरी. आजीचा मोबाइल आडवा, कोपऱ्यात पाण्याचा हौद. आतापर्यंत सहा फोटो झालेत. गणपतीत तिने ते मुंबईच्या भावंडांना दाखवले. कोणत्या भाषेत, ते मी विचारलं नाही. गेल्या आठवड्यात ती सहावा फोटो घेऊन आली. तांबड्या ओरखड्याच्या कडेला हिरवी किनार दिसत होती.

‘बाई, रान वाढतंय, हे कसं म्हणायचं?’

‘द ग्रास इज ग्रोइंग,’ मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘अँड?’