विद्युत उपकेंद्र : बांधीव खोली की पूर्वनिर्मित संच?

रुग्णालयाच्या आवारात उच्चदाब वीजपुरवठ्यासाठी नवे उपकेंद्र उभारण्याचा विषय विश्वस्त मंडळाच्या विचाराधीन आहे. त्यासाठी विटा-सिमेंटची खोली बांधावी, की कारखान्यातून पूर्ण तयार होऊन येणारे बंदिस्त उपकेंद्र बसवावे, असे दोन पर्याय आहेत. ‘पक्के बांधकाम सोडून पत्र्याची पेटी कशासाठी?’ अशी विचारणा काही हितचिंतकांनी केली आहे. हा प्रश्न स्वाभाविक असून, प्रस्तुत अहवालाच्या निमित्ताने त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

विषयाचे गांभीर्य

दि. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास लागलेल्या आगीत दहाहून अधिक रुग्णांचा करुण अंत झाला. त्या दुर्घटनेच्या कारणांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. तथापि जो रुग्ण स्वतः उठून बाहेर पडू शकत नाही, त्याच्यापासून आगीचे प्रत्येक संभाव्य स्थान शक्य तितके दूर असावे, ही जाणीव तेव्हापासून जिल्ह्यातील प्रत्येक रुग्णालयाच्या मनात घर करून आहे.

दोन पद्धतींतील भेद

उपकेंद्रात मुख्यतः तीन घटक असतात : उच्चदाब स्विचगिअर, दाब उतरवून ४३३ व्होल्टपर्यंत आणणारे रोहित्र आणि लघुदाब पॅनेल. बांधीव पद्धतीत खोली एकजण बांधतो, रोहित्र दुसरा पुरवितो, केबल तिसरा जोडतो. प्रत्येक वस्तू निर्दोष असली, तरी त्या सर्व एकत्र कशा चालतील, हे जागेवरच कळते. पूर्वनिर्मित उपकेंद्रात तिन्ही घटक एकाच कवचात बसवून, जोडून, तपासून येतात व संपूर्ण संचाची जबाबदारी एकाच उत्पादकावर राहते.

ही कल्पना आपणांस अगदीच अपरिचित नाही. भारनियमनाच्या काळात रुग्णालयांनी घेतलेली डिझेल जनित्रे आरंभी साध्या शेडमध्ये असत. २००२ च्या केंद्रीय अधिसूचनेनंतर १००० के.व्ही.ए.पर्यंतची नवी जनित्रे कारखान्यातूनच ध्वनिरोधक कवचासह येऊ लागली. कवच व यंत्र यांची एकत्रित चाचणी होत असल्याने एक मीटर अंतरावर ७५ डेसिबलची मर्यादा पाळली जाते किंवा नाही, हे आधीच सिद्ध करता येते.

उष्णता आणि स्फोट

रोहित्रातून ६०० किलोवॉट वीज जात असता शंभरातील एकच भाग वाया गेला, तरी सहा किलोवॉट उष्णता निर्माण होते. म्हणजे एक किलोवॉटचे सहा हीटर बंद खोलीत अहोरात्र चालू ठेवण्यासारखे झाले. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. आय.ई.सी. ६२२७१-२०२ या आंतरराष्ट्रीय मानकात कवचामुळे रोहित्राच्या तापमानात किती अंशांची भर पडते, त्यावरून ५ ते ३० असे वर्ग ठरविलेले आहेत. वर्गाचा आकडा जितका लहान, तितके वायुवीजन चांगले. बांधीव खोलीला असे प्रमाणपत्र नसते. तेथे खिडक्या व झरोके यांचा हिशेब अभियंत्यालाच काटेकोरपणे करावा लागतो.

दुसरा प्रश्न आतील विद्युत स्फोटाचा. याच मानकात यंत्र हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या संरक्षणासाठी ‘अ’ (ए) व कवचाजवळून जाणाऱ्या लोकांच्या संरक्षणासाठी ‘ब’ (बी) असे वर्ग आहेत. रुग्णांचे नातेवाईक जेथे सावली मिळेल तेथे बसतात, हे लक्षात घेता दोन्ही वर्गांची चाचणी आवश्यक आहे. ती ऐच्छिक असल्याने मागणीपत्रात स्पष्ट नमूद करावी लागते.

बांधीव खोलीचे गुण

येथे दुसरी बाजू मांडणेही उचित होय. खोलीत कर्मचाऱ्याला पावसाळ्यातही आडोशाला उभे राहून काम करता येते. खाटा वाढल्यास नवे पॅनेल बसविण्यास जागा राहते. जाड भिंतींमुळे उन्हाचा ताव कमी लागतो. तयार संचात मात्र आरंभी ठरलेल्या क्षमतेपलीकडे वाढीस फारसा वाव नसतो व तो उतरविण्यासाठी क्रेन आत येईल एवढा रस्ता लागतो. कवच दुपदरी पत्र्याचे असल्यास मधला थर न जळणाऱ्या खनिज लोकरीचा आहे, की जळू शकणाऱ्या फोमचा, हे पाहणे अत्यावश्यक आहे.

काळ्या मातीचा प्रश्न मात्र दोहोंना समान आहे. पावसात फुगणारी व उन्हात आकसणारी ही माती भिंतींना तडे पाडते, तसाच तयार संचाचा चौथराही कलवू शकते. पाया दोन्हीकडे मजबूतच हवा आणि केबलची तोंडे उंदीर-घुशी शिरणार नाहीत अशी बंद हवीत.

खर्चाचा विचार

केवळ बांधकामाचे अंदाजपत्रक व तयार संचाचे दरपत्रक समोरासमोर ठेवल्यास खोली स्वस्त भासते. परंतु खोलीच्या बाजूला यंत्रे, जोडणी, देखरेख व कामास लागणारे महिने मिळविले पाहिजेत. संचाच्या बाजूला चौथरा, वाहतूक व क्रेन. मगच ही तुलना न्याय्य होते. शिवाय पुढेमागे इमारतीचा विस्तार झाल्यास संच हलविता येतो; खोली पाडावीच लागते.

आमची शिफारस

उच्चदाब स्विचगिअर व तेलविरहित शुष्क रोहित्र पूर्वनिर्मित कवचात, रुग्णकक्षांपासून दूर, कुंपणालगत बसवावे. मुख्य वाटप पॅनेलसाठी मात्र स्वतंत्र, हवेशीर बांधीव खोली असावी. कारण वाढीची गरज तेथेच भासणार आहे. भिंत विटांची की पत्र्याची, यापेक्षा ती रुग्णापासून किती अंतरावर आहे आणि तिच्या आतील व्यवस्था कोणी तपासली आहे, याला आम्ही अधिक महत्त्व देतो. विद्युत निरीक्षकांच्या मंजुरीनंतरच वीजभार सुरू करण्यात येईल.

उपकेंद्राच्या दारावर देणगीदाराच्या नावाची कोनशिला बसत नाही. तरीही शस्त्रक्रियागृहातील दिवा व अतिदक्षता विभागातील कृत्रिम श्वसनयंत्र त्याच्याच बळावर चालते. या अदृश्य कार्यासही आपला उदार हातभार लागेल, असा विश्वास आम्ही व्यक्त करतो.