सोलापूर–मुंबई : आकाशमार्गाचे अंतर आणि प्रवासाची वेळ

होटगी रस्त्यावरील विमानतळावरून २०२५ सालच्या जून महिन्यात गोव्याची आणि ऑक्टोबरात मुंबईची विमानसेवा सुरू झाल्यापासून सोलापुरात अंतराचे व वेळेचे जे हिशेब मांडले जातात, त्यांतील कित्येक चुकीच्या गृहीतांवर उभे असल्याने त्यांची तपासणी करणे अगत्याचे आहे.

मुंबई ४५५ किलोमीटर दूर, म्हणून विमानही तितकेच अंतर काटते, असे पुष्कळजण धरून चालतात. हा आकडा लोहमार्गाचा, म्हणजे कुर्डुवाडी, दौंड व पुणे करीत बोरघाट उतरणाऱ्या रुळांच्या लांबीचा आहे. दोन विमानतळांमधील अंतर भूपृष्ठावरील लघुतम रेषेने मोजतात आणि ते येथे सुमारे ३६० किलोमीटर भरते. वैमानिकी दस्तऐवजांत ते १९५ च्या आसपास आढळते, कारण तेथील परिमाण १.८५२ किलोमीटरचा सागरी मैल हे होय.

मग ताशी आठशे किलोमीटर वेगाच्या जेट विमानाला अर्धा तासही लागू नये, असा आक्षेप निघतो. परंतु वेळापत्रकातील वेळ विमान आपली जागा सोडते तेव्हापासून मुक्कामी जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, वाऱ्याच्या दिशेनुसार घ्यावा लागणारा वळसा, आणि एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांच्या मुंबईत उतरण्यासाठी करावी लागणारी प्रतीक्षा, हे सारे तीत येते. शिवाय दहा हजार फुटांखाली सामान्यतः ताशी ४६३ किलोमीटरची वेगमर्यादा पाळावी लागते, आणि साडेसात किलोमीटर उंचीवरून नेहमीच्या तीन अंशांच्या उताराने यायचे तर अवरोहण सुमारे दीडशे किलोमीटर अलीकडेच सुरू करावे लागते. अर्थात एवढ्याशा प्रवासात पूर्ण वेगाचा टप्पा फारच थोडा उरतो.

हाच उतार ध्यानात न घेतल्यामुळे, इतक्या उंचावरून जाणाऱ्या विमानाला सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीची अडचण ती काय, असा प्रश्न आपल्या शहरात वर्षानुवर्षे विचारला गेला. तीन अंशांच्या उतारावर विमान दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर खाली येते; म्हणजे टेकण्याच्या जागेपासून पावणेदोन किलोमीटरवर ते जमिनीपासून अवघ्या नव्वद मीटरांवर असते, आणि ती चिमणी जवळपास तेवढीच उंच होती. १५ जून २०२३ रोजी ती पाडण्यात आली, तेव्हा कारखान्याच्या सभासदांना झालेले दुःख खरे होते. पण अडथळ्याचे हे गणितही तितकेच खरे होते.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेस मुंबईकडे जाताना वेळ वाचतो, ही समजूत तर सर्वथा निराधार आहे. वातावरण पृथ्वीसमवेतच फिरते. जाण्यायेण्याच्या वेळेत फरक पाडतो तो वारा.

राहिली रेल्वेशी तुलना. वंदे भारत गाडी सुमारे साडेसहा तासांत थेट बोरीबंदरास पोहोचवते. विमानप्रवाशाने आधी विमानतळावर हजर राहण्याचा व मुंबईत उतरल्यावर शहरात शिरण्याचा अवधीही हिशेबात धरावा. तो धरूनही अंधेरीस काम असणाऱ्याला विमान निःसंशय सोयीचे आहे; फोर्टात जाणाऱ्याची बचत मात्र त्या वेळच्या रस्त्यावरील गर्दीवर अवलंबून राहील.