वय विचारतात, पण शंका वेगळीच असते

पंचेचाळिशीनंतर नोकरी शोधताय आणि "कळवतो" म्हणून परत फोनच येत नाही? खासगी नोकरीत वयावरून नाकारलं तर दाद मागायला आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. म्हणून तयारी आपणच करायची.

मीही दुकानात माणसं ठेवतो, त्यामुळे खरं सांगतो. मालकाच्या मनात तीन शंका असतात: पगार जास्त मागतील का? वयाने लहान मॅनेजरचं ऐकतील का? नवीन सिस्टिम शिकतील का? त्याने विचारायच्या आधीच उत्तर द्या. बायोडेटात जन्मतारीख नको, शेवटच्या दहा वर्षांचं काम आकड्यांत लिहा. पगाराचा आकडा स्पष्ट सांगा. समोर बसून टॅलीत एक बिल करून दाखवा.

तरीही जमलं नाही, तर स्वतःचं शटर उघडा. केंद्राच्या पीएमईजीपी योजनेत वय 18 च्या वर हवं, कमाल मर्यादा नाही. उत्पादनासाठी 50 लाख आणि सेवा व्यवसायासाठी 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ताज्या अटी जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

आज एकच करा: जुन्या कामातले तीन ठोस आकडे कागदावर लिहा. मुलाखतीत तेच उपयोगी पडतील, बँकेतही तेच.