देण्याआधी काय पाहायचे

नर्सिंगच्या विद्यार्थिनीला औषधांची पहिली ओळख फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात होते, खरी ओळख वॉर्डात. पुस्तकात औषधे गटांनुसार येतात. ट्रॉलीवर मात्र पॅरासिटामॉलशेजारी हेपॅरिन असते आणि दोन्हींच्या मागे ओंडान्सेट्रॉनचे अ‍ॅम्प्यूल. औषध लिहून देण्याचे काम डॉक्टरांचे. पण ते रुग्णाच्या अंगात जाण्यापूर्वी त्यावर शेवटची नजर नर्सची पडते. म्हणून तिच्या दृष्टीने औषध माहीत असणे म्हणजे देण्याआधी काय पाहायचे आणि दिल्यानंतर काय पाहायचे, हे माहीत असणे.

रोजच्या वापरातली औषधेही याला अपवाद नाहीत. पॅरासिटामॉल घरोघरी असते, त्यामुळे त्याची भीती कुणालाच वाटत नाही. मोठ्या माणसाला चोवीस तासांत 4 ग्रॅमपेक्षा जास्त गेले तर यकृताला इजा होऊ शकते. सर्दीच्या अनेक गोळ्यांत ते आधीच मिसळलेले असते, म्हणून रुग्णाने घरून काय घेतले आहे ते विचारावे लागते. अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी अ‍ॅलर्जीची चौकशी हवीच. शिवाय सेफ्ट्रियाक्सोन आणि कॅल्शियम असलेले रिंगर लॅक्टेट एकाच नळीतून एकत्र सोडायचे नाही. डिगॉक्सिनच्या आधी छातीला स्टेथोस्कोप लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. ते साठच्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे उपयोगाची नाही, कारण ज्या रुग्णांना हे औषध मिळते त्यांचे ठोके बहुधा अनियमितच असतात.

इन्सुलिनपाशी मात्र जास्त वेळ थांबायला हवे. भारतात मिळणाऱ्या बहुतेक व्हायलमध्ये एका मिलिलिटरला 40 युनिट असतात, तर पेनच्या कार्ट्रिजमध्ये 100. सिरिंजही त्यानुसार दोन प्रकारच्या: 40 ची लाल टोपणाची, 100 ची नारिंगी टोपणाची. समजा 20 युनिटची ऑर्डर आहे. 40 च्या व्हायलमधून ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये घेतले तर अर्धा मिलिलिटर भरते. तीच व्हायल आणि नारिंगी टोपणाची सिरिंज अशी जोडी जमली, तर विसाच्या खुणेपर्यंत औषध ओढूनही रुग्णाला फक्त 8 युनिट मिळतात आणि साखर का उतरत नाही, याचे कोडे पडते. उलटी चूक अधिक घातक. 100 चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये विसाच्या खुणेपर्यंत घेतले तर 50 युनिट जातात. त्यामुळे व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचायचे आणि भरलेली सिरिंज दुसऱ्या सिस्टरला दाखवायची, ही रीत आहे.

दुधाळ इन्सुलिन गदागदा हलवायचे नसते. तळहातांत हलकेच घोळवायचे. दोन प्रकार एकाच सिरिंजमध्ये घ्यायचे असतील तर आधी स्वच्छ, मग दुधाळ. शिरेतून द्यायचे असेल तर रेग्युलर इन्सुलिन चालते, दुधाळ कधीच नाही. ग्लार्जिन दिसायला पाण्यासारखे स्वच्छ असले तरी तेही शिरेतून द्यायचे नसते. दिसण्यावर जाऊ नये ते इथेच. शिवाय जेवण कधी येणार हे विचारल्याशिवाय सुई टोचायची नाही. घाम, थरथर, अचानक लागलेली भूक किंवा असंबद्ध बोलणे दिसले की आधी साखर तपासायची. ती 70 च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचे नाही; शिरेतून डेक्स्ट्रोज लागते.

प्रसूतिगृहातली दोन औषधे पाठ असावीच लागतात. बाळ जन्मताच, पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून, आईला ऑक्सिटोसिनचे 10 युनिट स्नायूत दिले जातात. त्यामुळे गर्भाशय आकुंचन पावते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. हे औषध फ्रिजमध्येच ठेवायचे, उन्हाळ्यात टेबलावर विसरलेल्या अ‍ॅम्प्यूलवर भरवसा नसतो. दुसरे मॅग्नेशियम सल्फेट, गरोदरपणातल्या झटक्यांवरचे. प्रचलित पद्धतीत आधी 4 ग्रॅम शिरेतून सावकाश आणि लगेच दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम जातात. त्यानंतर दर चार तासांनी 5 ग्रॅम. प्रत्येक पुढच्या डोसाआधी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते पाहायचे, मिनिटाला श्वास किमान सोळा आहेत का ते मोजायचे आणि लघवी तासाला किमान 30 मिलिलिटर होते का ते पिशवीवर वाचायचे. पाय उडणे बंद झाले, तर श्वास मंदावण्याआधी मिळालेला तो इशारा असतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी काढून ठेवलेले असते.

इमर्जन्सी ट्रेमधले अ‍ॅड्रेनलिन एकाच अ‍ॅम्प्यूलमधून दोन वेगळ्या वाटांनी जाते. अ‍ॅलर्जीचा तीव्र झटका आला तर मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. हृदय बंद पडले तर 1 मिलिग्रॅम शिरेतून, दर तीन ते पाच मिनिटांनी. नाडी चालू असलेल्या रुग्णाला हा दुसरा डोस दिला, तर हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते.

अ‍ॅट्रोपिनची गरज शेतीच्या भागात जास्त भासते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजुरांना झालेली विषबाधा राज्यभर गाजली. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेत 0.6 मिलिग्रॅमचे एक अ‍ॅम्प्यूल काहीच नव्हे. सुरुवातच तीन ते पाच अ‍ॅम्प्यूलनी होते आणि दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट केला जातो. कुठे थांबायचे हे शरीरच सांगते: छातीतली घरघर गेलेली, काख कोरडी, नाडी ऐंशीच्या वर. रुग्ण बरळू लागला आणि अंग तापले, तर औषध जास्त झाले.

राहिले पोटॅशियम क्लोराइड. 10 मिलिलिटरच्या अ‍ॅम्प्यूलमध्ये 20 मिलिइक्विव्हॅलंट असतात आणि ते डिस्टिल्ड वॉटरसारखेच दिसते. थेट शिरेत ढकलले तर हृदय जागीच थांबू शकते. ते नेहमी सलाईनमध्ये पातळ करून, बाटली उलटसुलट करून नीट मिसळून, थेंब मोजत द्यायचे. न मिसळलेले पोटॅशियम तळाशी बसते आणि नळीतून आधी तेच उतरते. म्हणूनच अनेक रुग्णालयांत त्याचे अ‍ॅम्प्यूल ट्रॉलीवर ठेवतच नाहीत. ते वेगळ्या कपाटात, कुलपात असतात.