घरचं लिनक्स (भाग ६) : नेटवाल्याचा डबा आणि आतली चिप

मागच्या आठवड्यात आपण पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहिलं. हार्ड डिस्कला हात न लावता पडदा, आवाज, कीबोर्ड तपासले. इंटरनेट मात्र मुद्दाम मागे ठेवलं होतं. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि उपनगरांतल्या कितीतरी घरांत धडधाकट पण विंडोज ११ न स्वीकारणारे संगणक उरले. त्यांवर लिनक्स घालायला बसलेला माणूस अडतो तो बहुतेक वेळा नेटपाशीच. नेट नसलं की उपाय शोधायचे मार्गही बंद होतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो आहे.

माझं सांगणं असं आहे : नेटवाल्याचा डबा आणि आपला संगणक यांच्यातली हद्द लॅनच्या तारेवर ठेवा. तारेच्या पलीकडे काय आहे, फायबर आहे की तांब्याची जोडी, कुठली कंपनी, कुठला प्लॅन, हे संगणकाला कळायची गरज नाही. आणि तार नको असेल, वाय-फायच हवं असेल, तर खोक्यावरचं नाव बाजूला ठेवून आतली चिप कोणती ते पाहून खरेदी करा.

हे नव्या अनुभवातून आलेलं शहाणपण नाही. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची किमान गती २५६ किलोबिट ठरली आणि २००५ च्या सुरुवातीला एमटीएनएलची ट्रायबँड सेवा मुंबईत आली. टेलिफोनच्या त्याच तारेवरून नेट. त्या काळात घरोघरी आलेल्या बऱ्याच मोडेमना मागे दोन खाचा असत, एक यूएसबीची आणि एक लॅनची. जोडायला येणारा माणूस पुष्कळदा यूएसबीची तार लावून जाई, कारण अनेक संगणकांत लॅन कार्डच नसे. विंडोजवर सोबतची सीडी घातली की काम होई. लिनक्सवाल्याची तिथेच अडचण, कारण सीडीत त्याच्यासाठी काहीच नसे. तोच मोडेम लॅनच्या खाचेतून जोडला की ड्रायव्हरचा प्रश्नच उरत नसे. मोडेम तोच, लाइन तीच, फक्त तार वेगळी.

काही मोडेम तर निव्वळ यूएसबीचे होते. थॉमसनचा स्पीडटच ३३० घ्या. त्याचं फर्मवेअर त्याच्या पोटात कायमचं साठवलेलं नसे. दर वेळी संगणकाने ते त्याच्यात ओतायचं, मग तो जागा होणार. लिनक्सच्या विकासकांनी अशा मोडेमसाठीही ड्रायव्हर लिहिले, ते कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) गेले, पण फर्मवेअरची फाइल वापरणाऱ्याने स्वतः मिळवावी लागे. त्याही आधी, डायल-अपच्या काळात, हीच गोष्ट घडली होती. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. पुढच्या काही वर्षांत संगणकांच्या आत जे स्वस्त मोडेम बसू लागले त्यांना ‘विनमोडेम’ म्हणत. फोनवरच्या आवाजाचं आकड्यांत रूपांतर करायचं मोडेमचं मूळ काम ते स्वतः करतच नसत. ते संगणकाच्या प्रोसेसरवर आणि विंडोजच्या ड्रायव्हरवर टाकत. सीरियल पोर्टला लावायचे बाहेरचे मोडेम महाग असत, पण ते पूर्ण मोडेम होते, आणि लिनक्सवर पहिल्या क्षणापासून चालत. जे उपकरण आपलं काम स्वतः करतं आणि संगणकाशी सर्वमान्य पद्धतीने बोलतं ते घ्यावं, हा निकष तेव्हा लागू होता, आज फायबरलाही लागू आहे.

इथे एक आठवण नोंदवावीशी वाटते, कारण ती आपल्याच भागाची आहे. भारतात अर्नेट या शैक्षणिक जाळ्याची पहिली ई-मेल देवाणघेवाण १९८६–८७ मध्ये झाली ती एनसीएसटी (नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी) आणि पवईची आयआयटी यांच्यात, साध्या डायल-अप फोनवरून. त्यासाठी वापरलेली यूयूसीपी ही पद्धत एका युनिक्स यंत्राने दुसऱ्या युनिक्स यंत्राला फाइल पाठवण्यासाठी बनलेली होती. एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवर सी-डॅकचं केंद्र आजही आहे. युनिक्सच्या घराण्यातल्या लिनक्सला नेट जमत नाही असं अंधेरीत किंवा घाटकोपरला कुणी म्हणालं, तर मला ते मनापासून खटकतं.

आता आजची परिस्थिती. एमटीएनएलच्या जोडीने उपनगरांत नेट पसरवलं ते केबलवाल्यांनी. गच्चीवरून गच्चीवर फायबर, इमारतीत एक स्विच, तिथून प्रत्येक घरात निळी किंवा राखाडी लॅनची तार. एका सलग तारेची मर्यादा १०० मीटर, म्हणून जुन्या, लांबलचक सोसायट्यांत शेवटच्या विंगला नेट रडत असे. हल्ली बोरिवली-मुलुंडच्या बहुतेक इमारतींत फायबर थेट दारातून आत येतं आणि भिंतीवरच्या ओएनटीच्या डब्यात संपतं. डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल तर दोष फायबरकडे आहे, संगणकात शोधत बसू नका. दिवा नसेल तर डब्यातून बाहेर येतं ते साधं इथरनेट, आणि ते कुठल्याही लिनक्सला येतं.

नेटवाल्याकडून पुष्कळदा उत्तर मिळतं, ‘लिनक्सवर आमचं नेट चालत नाही.’ वाद घालू नका. त्याला नेमकं विचारा : लाइन पीपीपीओईची आहे, डीएचसीपीची आहे की ठरलेला आयपी पत्ता आहे? युजरनेम-पासवर्ड काय? मॅक पत्ता बांधलेला आहे का? एवढं कळलं की काम झालं. पीपीपीओई असेल तर ते लॉगिन राउटरच्या पानावर भरा. राउटर लॉगिन करेल आणि संगणकाला नुसता पत्ता देईल. राउटर नसेल तर लिनक्सच्या नेटवर्क मॅनेजरमध्ये नवं कनेक्शन करताना ‘डीएसएल’ हा प्रकार निवडून तीच माहिती भरता येते, मोडेम डीएसएलचा नसला तरी.

मॅक पत्त्याचं विशेष सांगायला हवं, कारण लिनक्सवर फुकट आळ येतो तो यामुळे. प्रत्येक नेटवर्क कार्डाला स्वतःचा एक क्रमांक असतो आणि बरेच केबलवाले तुमची लाइन त्या क्रमांकाशी बांधून ठेवतात. जुना संगणक काढून नवा लावला, दिवे लुकलुकतात, पण नेट नाही, असं झालं तर पहिला संशय यावर घ्या. फोन करून मॅक नव्याने नोंदवून घ्या, किंवा नेटवर्क मॅनेजरमध्ये ‘क्लोन्ड मॅक’च्या रकान्यात जुना क्रमांक लिहा. आणि लिनक्सवर आळ घेण्याआधी हेही लक्षात घ्या : ज्या राउटरांमधून घरोघरी नेट येतं, त्यांतले कितीतरी आतून लिनक्सच चालवतात. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरच्या खुल्या झालेल्या कोडमधून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला, तो आजही जोमात आहे.

तारेचं गणित सोपं आहे. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर बहुधा रिअलटेकची आरटीएल८१११ किंवा इंटेलची चिप असते. दोन्हींचे ड्रायव्हर कर्नेलमध्ये आहेत. रिअलटेकची अडीच गिगाबिटची आरटीएल८१२५ असेल तर कर्नेल ५.४ किंवा त्यापुढचं हवं. पातळ लॅपटॉपला लॅनची खाचच नसते, तिथे यूएसबी ॲडॅप्टर घ्या, रिअलटेक आरटीएल८१५३ किंवा एएसआयएक्सची एएक्स८८१७९ चिप असलेला. विक्रेत्याला ‘गिगाबिट’ आणि ‘यूएसबी ३’ हे दोन्ही शब्द विचारा. अगदी स्वस्त ॲडॅप्टर १०० मेगाबिटवर अडकतात आणि मग २०० चा प्लॅन घेऊनही अर्धी गती वाया जाते.

वाय-फायमध्ये मात्र डोळे उघडे ठेवायला हवेत. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा डोंगल एके काळी लिनक्सवाल्यांचा लाडका होता. त्यात अथेरॉसची एआर९२७१ चिप होती. ड्रायव्हर कर्नेलमध्ये, आणि पुढे फर्मवेअरसुद्धा खुलं झालं. ती ख्याती ऐकून लोक आजही तेच नाव मागतात. पण आवृत्ती २ पासून आतली चिप बदलून रिअलटेकची झाली. नाव तेच, खोकं जवळपास तेच, आणि लिनक्सच्या दृष्टीने उपकरण पार वेगळं. खोक्यावर बारीक अक्षरांत आवृत्ती छापलेली असते, ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय हा डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, त्याकडे खाली येतो.

लॅमिंग्टन रोडला जाणार असाल (ग्रँट रोड स्टेशन, मुलुंड-घाटकोपरकरांनी दादरला गाडी बदलायची) तर लिनक्स घातलेला लॅपटॉप किंवा निदान लाइव्ह पेन ड्राइव्ह सोबत न्या आणि दुकानातच लावून पाहू देण्याची विनंती करा. टर्मिनल उघडून इंग्रजी लहान लिपीत एल-एस-यू-एस-बी ही पाच अक्षरं सलग टाइप केली की जोडलेल्या प्रत्येक यूएसबी उपकरणाचा ओळख-क्रमांक दिसतो. ०सीएफ३:९२७१ दिसलं तर तो जुना अथेरॉस. ०बीडीए ने सुरुवात झाली तर रिअलटेक. ०ई८डी म्हणजे मीडियाटेक. लॅपटॉपच्या आतल्या कार्डासाठी एल-एस-पी-सी-आय, मग एक जागा सोडून उणे चिन्ह आणि एन-एन-के. यात कार्डाच्या नावाखाली ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ दिसली तर ड्रायव्हर कार्डाला लागलेला आहे. ती ओळच नसेल तर ते कार्ड लिनक्सने ओळखलेलं नाही, विक्रेता काहीही म्हणो.

काही रिअलटेक डोंगल पहिल्यांदा लावल्यावर वाय-फाय कार्ड न भासता सीडीसारखे दिसतात. ०बीडीए:१ए२बी हा त्याचा खुणेचा क्रमांक. विंडोजसाठी ड्रायव्हर पोटातच ठेवल्याचा तो परिणाम. यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज घातलं की त्याचं रूप पालटतं. हुआवे-झेडटीईच्या जुन्या थ्रीजी डोंगलांवरही हाच इलाज चाले.

रिअलटेक सरसकट वाईट नाही. आज तिच्या बऱ्याच चिपांचे ड्रायव्हर कर्नेलमध्ये आले आहेत, फक्त उशिरा. आरटीएल८८२१सीई ही स्वस्त लॅपटॉपांतली चिप कर्नेल ५.९ पासून ओळखली जाते, आरटीएल८८५२बीई ६.२ पासून. म्हणून जुन्या कर्नेलच्या वितरणावर ‘वाय-फाय दिसत नाही’ म्हणण्याआधी नव्या वितरणाचा पेन ड्राइव्ह लावून पाहा. मीडियाटेकची एमटी७९२१ ५.१२ पासून छान चालते. पण एमटी७९०२ ही आकड्यांनी जवळची चिप बाजारात आल्यावर बराच काळ लिनक्सच्या ड्रायव्हरविना राहिली. दोन आकड्यांचा फरक इतका महागात पडतो.

ज्या चिपचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये नाही, तिच्यासाठी कुणीतरी स्वतंत्रपणे लिहिलेला ड्रायव्हर नेटवर सापडतो. तो घालता येतो, चालतोही. पण कर्नेल अद्ययावत झालं की तो पुन्हा बांधला जावा लागतो, सिक्युअर बूट चालू असेल तर त्यावर सही करावी लागते, आणि यातलं काही बिनसलं तर सकाळी घरातल्या मुलाचा ऑनलाइन वर्ग असताना नेट गायब. घरच्या रोजच्या संगणकासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही. लॅपटॉपचं आतलं कार्डच बदलून इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० बसवणं हा जास्त टिकाऊ उपाय. बसवताना जपा : एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच असतात, पण ती इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांबरोबरच चालतात. एएमडीच्या लॅपटॉपात ती बसतील, चालणार नाहीत. काही जुन्या लॅपटॉपांचं बायोस ओळखीची नसलेली कार्डं नाकारतं, तेही आधी पाहून घ्या. डेबियन वापरणाऱ्यांसाठी दिलासा असा की २०२३ च्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच वाय-फाय कार्डांना लागणारं फर्मवेअर समाविष्ट असतं. त्याआधी ते वेगळं शोधावं लागे.

आता २.४ गिगाहर्ट्झकडे. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन : १, ६ आणि ११. सात मजली इमारतीत, मजल्याला चार घरं, प्रत्येकाचा राउटर, शिवाय समोरच्या विंगचे. गर्दी लोकलपेक्षा वेगळी नाही. अशा ठिकाणी ५ गिगाहर्ट्झ पकडणारं कार्ड असणं ही गरज आहे. भारतात या वरच्या पट्ट्याचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. लिनक्सला देश सांगितलेला नसेल तर तो कुठेही चालतील असे सावध नियम लावतो आणि काही चॅनेल वापरतच नाही. फोनवर ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसतंय आणि संगणकात नाही, असं झालं तर देशाचा संकेत ‘आयएन’ असा लावून पाहा.

सगळं फसलं तर खिशातला फोन आहे. अँड्रॉइड फोन यूएसबीच्या तारेने जोडा आणि सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्स त्याला लॅन कार्ड समजतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन स्वतः घरच्या वाय-फायवर असेल तर मोबाइलचा डेटाही खर्च होत नाही. तेवढ्या वेळात हवा तो ड्रायव्हर, फर्मवेअर उतरवून घ्या. लिनक्स घालायला बसताना ही तार शेजारी ठेवाच.

पुढच्या भागात प्रिंटर. जुना लेझर प्रिंटर माळ्यावर टाकला असेल तर तो खाली काढून त्याचा मॉडेल क्रमांक लिहून ठेवा.