उंचीचा उपचार चालू आहे, मग शाळेचं काय?

सातारा-सांगलीकडच्या आपल्या घरांत एखादं पोर वर्गात सगळ्यात बुटकं दिसलं की दोनच गोष्टी ऐकू येतात. "बापावर गेलंय, वाढेल" नाहीतर "हे अभ्यासातही कच्चंच राहणार". दोन्ही बोलण्यांत नुकसान पोराचंच होतं.

चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण 5 सेंटिमीटर वाढतं. 4 पेक्षा कमी वाढत असेल तर दवाखान्यात दाखवावं. घरात भिंतीवर खूण करून तारीख लिहून ठेवली तरी हे कळतं.

अभ्यासावर परिणाम होईल का, हे कारणावर ठरतं. ग्रोथ हार्मोन कमी असलेल्या बहुतेक मुलांची बुद्धी इतरांसारखीच असते. रोज रात्रीच्या इंजेक्शनने उंची वाढते, मार्क वाढत नाहीत. लहानपणी फुटबॉलपटू मेस्सीनेही हाच उपचार घेतला होता. टर्नर असलेल्या मुली हुशार असतात, पण अनेकींना गणित जड जातं. तिथे रागावून उपयोग नाही, शिकवणीचा आधार द्यावा.

थायरॉइडचं मात्र वेगळं आहे. जन्मतःच कमी असेल आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर बुद्धी वाचते. उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही. म्हणून बाळंतपणानंतर बाळाच्या टाचेतल्या रक्ताची तपासणी मागून घ्या. मोठेपणी थायरॉइड कमी झालेलं मूल गोळी लागू पडल्यावर कधी कधी चुळबुळं होतं, शिक्षकांची तक्रार येते. तरी गोळी बंद करू नये. रमजानमध्येही नाही, वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी.

एक गोष्ट आपल्याच हातात आहे. दहा वर्षांच्या मुलाला उंची बघून सात वर्षांचं समजू नका. त्याच्याशी वयाप्रमाणे बोला, वयाप्रमाणे काम सांगा. उंचीमुळे त्याला खालच्या वर्गात बसवू नका. वर्गात कोणी चिडवत असेल तर शिक्षकांना भेटा.

2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथक शाळेत येऊन मोफत तपासणी करतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पथकाने पुढे पाठवलं तर साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय किंवा मिरजेचं शासकीय मेडिकल कॉलेज गाठा. हाडांची वाढ बंद झाल्यावर इंजेक्शनने उंची वाढत नाही, म्हणून "पुढच्या वर्षी बघू" म्हणणं महागात पडतं.