चेहऱ्याच्या फोटोसाठी कोणते भिंग?

मोबाइल हातभर अंतरावर धरून स्वतःचा फोटो काढला, की त्यात नाक मोठे आणि कान मागे सरकल्यासारखे दिसतात. असे का होते? भिंग वाईट असेल, असे तुम्ही म्हणाल. पण दोष भिंगाचा नाही, अंतराचा आहे.

समजा, नाकाच्या शेंड्यापासून कान १२ सें.मी. मागे आहेत. कॅमेरा नाकापासून ३० सें.मी.वर धरला, तर कान ४२ सें.मी.वर राहतील. वस्तू जितकी दूर तितकी तिची प्रतिमा लहान. म्हणून कानाच्या मानाने नाक ४२ ÷ ३० = १.४ पट मोठे उमटेल. आता कॅमेरा दीड मीटर दूर न्या. हेच गुणोत्तर १६२ ÷ १५० = १.०८ होते. ४० टक्क्यांचा फरक ८ टक्क्यांवर आला!

तेव्हा पहिला नियम असा : चेहऱ्याचा फोटो दीड-दोन मीटरवरून घ्यावा. परंतु दूर गेल्यावर चेहरा चौकटीत लहान दिसतो. तो मोठा दिसावा म्हणून अधिक नाभीय अंतराचे भिंग लागते. ३६ × २४ मि.मी. चौकटीच्या फिल्म कॅमेऱ्यांवर यासाठी ८५ ते १०५ मि.मी.ची भिंगे वापरीत. नवशिक्यांच्या बहुतेक डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांतील प्रकाशसंवेदक सुमारे २४ × १६ मि.मी.चा, म्हणजे लहान असतो. त्यामुळे तेथे ५० मि.मी.चे भिंग ७५ ते ८० मि.मी.च्या भिंगाचे काम करते.

अशा कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८-५५ मि.मी.चे झूम भिंग मिळतेच. ते ५५वर ठेवले की काम झाले! मग वेगळे भिंग कशाला घ्यायचे? याचे उत्तर भिंगाच्या छिद्रात आहे. नाभीय अंतराला एफ-अंकाने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. झूम भिंग ५५वर असताना त्याचा सर्वांत लहान एफ-अंक सामान्यतः ५.६ असतो, व्यास आला सुमारे १० मि.मी. '५० मि.मी., एफ/१.८' या भिंगाचा व्यास मात्र सुमारे २८ मि.मी. येतो. त्यातून संवेदकावर साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश पडतो. संध्याकाळी घरात जो फोटो १/१० सेकंदात हलून बिघडेल, तो १/१०० सेकंदात घेता येतो. शिवाय मोठ्या छिद्रामुळे मागची भिंत, दोरीवरचे कपडे पुसट होतात आणि चेहरा उठून दिसतो.

८५ मि.मी.च्या तशाच भिंगाला अधिक पैसे पडतात आणि लहान खोलीत मागे सरकायला जागा पुरत नाही. म्हणून थोड्या पैशांत ५० मि.मी., एफ/१.८ हीच निवड शहाणपणाची. जुने भिंग घेतल्यास आणखी बचत होईल. मात्र ते आपल्या कॅमेऱ्यावर बसते का, हे दुकानातच लावून पाहावे. निकॉनच्या डी ३५००सारख्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते. ती भिंगात असावी लागते. नसेल तर फोकस हाताने करावा लागतो.

एक सावधगिरी बाळगा. एफ/१.८वर, दीड मीटर अंतरावरून, जेमतेम ६-७ सें.मी. खोलीचा भागच स्पष्ट येतो. फोकस डोळ्यांवर केला तर कान पुसट होतील. एफ/४ ठेवल्यास ही खोली सुमारे १४ सें.मी. होते.

आणि पैसे खर्च करण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करा. मित्राला खिडकीजवळ बसवा. झूम ५५वर ठेवून दीड मीटरवरून एक फोटो घ्या. मग झूम १८वर आणून, चेहरा तेवढाच दिसेपर्यंत पुढे जा. तुम्ही सुमारे अर्ध्या मीटरवर पोहोचाल. तेथून दुसरा फोटो घ्या. दोन्ही फोटोंतील नाके ताडून पाहा. पहिल्या फोटोने तुमचे समाधान झाले, तर नवे भिंग घेण्याची घाई नको!